पेअर न करता, नुसत्या ब्लूटूथच्या सिग्नलवरून मोबाईल किती अंतरावर आहे हे कळतं का?

मांजराकाठ (लातूर)

नमस्कार मंडळी,

लातुरात माझी अभ्यासिका आहे. वरच्या मजल्यावर दोन हॉल, मधे प्लायवूडचे कप्पे, खाली दुकानं. पोरं बहुतेक उदगीर, अहमदपूर, मुखेड, देगलूरकडची, नीटच्या तयारीसाठी खोली करून राहणारी. हजेरीचं रजिस्टर आहे, पण एकाची सही दुसरा ठोकतो. रात्री नऊ-साडेनऊला गावाकडून आईचा फोन येतो, "सर, आमचा तिथं आलाय ना?" त्या माउलीला खात्रीनं उत्तर देता यावं एवढीच माझी इच्छा आहे. बोटाचं मशीन लावून पाहिलं. सकाळी सगळे एकदम येतात, जिन्यापर्यंत रांग लागते.

म्हणून विचार आला की मोबाईल प्रत्येकाकडं असतोच. दारावर एक ईएसपी३२ बोर्ड (वायफाय-ब्लूटूथ असलेला छोटा सर्किट बोर्ड) लावायचा, तो आसपासच्या ब्लूटूथचा सिग्नल ऐकेल. मोबाईल दाराच्या दीड-दोन मीटरच्या आत आला की पोरगं आलं. एवढ्या पोरांचे मोबाईल पेअर करत बसणं शक्य नाही, म्हणून पेअरिंग नकोच.

बोर्ड आणला. माझ्या मोबाईलवर ॲपनं सिग्नल सोडला, टेबलावर एक मीटरवर ठेवला आणि कुणी हात लावला नाही. आकडा आला −५६. थोड्या वेळानं −७१. परत −६०. मधे माणूस उभा राहिला की −८० च्या खाली. नेटवरच्या सूत्रात टाकलं तर तोच मोबाईल एकदा पाऊण मीटरवर, एकदा चार मीटरवर!

माझं काही चुकतंय का, की हे असंच असतं? जाणकारांनी कृपया सांगावं.

---

हुरडा_पार्टी

सर, लातूरची पोरं हायेत ती. एक जण पाच मोबाईल खिशात घालून येईल, बाकीचे चौघं खोलीवर झोपतील. तुमचा बोर्ड पाचही जणांची हजेरी लावून मोकळा!

---

गोदातीर

वाखूसा (वाचनखूण साठवली). आमच्या गंगाखेडच्या वाचनालयालाही असंच काही हवंय.

---

दुधनाकाठ (जालना)

मी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो, हा विषय दरवर्षी पोरांच्या प्रोजेक्टमधे येतो. सविस्तर लिहितो.

मांजराकाठ सर, तुमचा बोर्ड ठीक आहे आणि सूत्रही ठीक आहे. बोर्ड जो आकडा देतो त्याला आरएसएसआय म्हणतात. अँटेनापर्यंत किती शक्ती पोचली, तेवढंच तो सांगतो. एकक डीबीएम, म्हणजे एक मिलिवॅटच्या तुलनेत किती. −६० म्हणजे एक नॅनोवॅट, −९० म्हणजे त्याच्याही हजारावा भाग. अंतर हा शब्द त्यात कुठंच नाही. ते आपण मागाहून काढतो, असं:

अंतर = १० चा घात [ (एक मीटरवरचा आकडा − आत्ताचा आकडा) ÷ (१० × एन) ]

गोम त्या 'एन'मधे आहे. अंतर वाढलं की सिग्नल किती झपाट्यानं पडतो, ते तो सांगतो. मोकळ्या रानात तो २ च्या आसपास असतो. भिंती, कप्पे, माणसं आली की ३, कधी ४. आता एक मीटरवरचा आकडा −५९ धरा आणि बोर्डानं −७९ दाखवला असं समजा. एन २ असेल तर मोबाईल १० मीटरवर. ३ असेल तर साडेचार मीटरच्या जरासा पुढं. ४ असेल तर जेमतेम सव्वातीन. आकडा एकच, उत्तरं तीन. तुमच्या हॉलचा एन किती हे मोजल्याशिवाय कळत नाही, आणि पोरं येऊन बसली की तोही बदलतो.

दुसरं, आकडा का नाचतो? ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं, लहर साधारण साडेबारा सेंटीमीटरची. मोबाईलमधून निघालेली लहर सरळ तर येतेच, शिवाय फरशीवरून, छतावरून, लोखंडी शटरवरून आपटूनही येते. विहिरीत हाक मारल्यावर मूळ आवाज आणि घुमलेला आवाज एकात एक मिसळतात, तसंच हे. कुठं दोन लहरी मिळून जोर वाढतो, कुठं एकमेकींना मारतात. करून बघा, मोबाईल टेबलावर फक्त चार बोटं सरकवा. दहा-पंधरा डीबीचा फरक सहज पडेल. अंतर मात्र चार बोटंच बदललेलं असतं.

तिसरी गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. लो एनर्जी ब्लूटूथ (कमी बॅटरी खाणारा प्रकार) तीन चॅनलवर आळीपाळीनं ॲडव्हर्टाइज करतं, म्हणजे 'मी इथं आहे' असा छोटा संदेश सोडत राहतं, ३७, ३८ आणि ३९, म्हणजे २४०२, २४२६ आणि २४८० मेगाहर्ट्झ. वायफायचे नेहमीचे १, ६, ११ हे चॅनल टाळून या जागा निवडल्यात. प्रत्येक चॅनलवर आपटून येणाऱ्या लहरींचं गणित वेगळं. मोबाईल जागचा हलला नाही तरी तीन चॅनलचे तीन आकडे येतात आणि बोर्ड सगळे एकाच रांगेत छापतो. तुमच्या −५६ आणि −७१ मधला बराचसा फरक इथला आहे.

आणि माणूस मधे आला की पडलेला तो खड्डा पाण्याचा. आपलं शरीर बव्हंशी पाणी, आणि पाणी ही लहर पिऊन टाकतं. मागच्या खिशातला मोबाईल आणि हातातला मोबाईल, बोर्डाच्या दृष्टीनं दोन वेगळ्या अंतरांवर असतात.

---

बालाघाट (अंबाजोगाई)

दुधनाकाठ सर, मान्य, पण एवढं निराश करू नका हो. माझ्या शेतात तीन वर्षं चालू आहे. मोटारीच्या खोलीत बोर्ड आहे, मी मोबाईल घेऊन जवळ गेलो की बाहेरचा दिवा लागतो. −७० च्या वर गेला की चालू. रात्रीची लाईट असते, पाणी द्यायला जावं लागतं, पायाखाली काय आहे ते दिसलं पाहिजे. आजवर एकदाही दगा नाही.

---

दुधनाकाठ (जालना)

बालाघाट, तुमचं चालतं त्याची दोन कारणं. एक, मोकळं रान. दुसरं, तुम्ही अंतर विचारलंच नाही. 'जवळ आलो की नाही' एवढंच विचारलं. दिवा चार मीटरवर लागला काय आणि सात मीटरवर लागला काय, तुम्हाला फरक पडत नाही. मांजराकाठांना दाराच्या आत की बाहेर हे हवंय, आणि त्यांच्या जिन्यात आणि हॉलमधे एकच भिंत आहे.

अजून एक हिशेब. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की सिग्नल ६ डीबीनं पडतो. नाच ६ डीबीचा असेल, आणि तो असतोच, तर दोन मीटरचं उत्तर एक ते चार मीटरमधे कुठंही येऊ शकतं आणि दहा मीटरचं पाच ते वीसमधे. लांब जावं तशी चूकही वाढते. जवळच्या मोबाईलबद्दल हा आकडा बऱ्यापैकी खरं बोलतो, लांबच्याबद्दल नाही.

---

कपाशी

रच्याकने (जाता जाता), सिग्नलवरून वस्तू सापडते हे मात्र मी स्वतः केलंय.

जिनिंगवर कापसाच्या गंजीत पुतण्याच्या हातातला फिटनेस बँड पडला. गंजी केवढी असते ते इथल्यांना सांगायला नको. बँड वाजत नाही, दिसत नाही. आधी पुतण्याच्या मोबाईलचं ब्लूटूथ बंद केलं. बँड मोबाईलला जोडलेला असतो तोवर तो सहसा ॲडव्हर्टाइज करत नाही, जोड तुटली की सुरू करतो. मग माझ्या मोबाईलवर एनआरएफ कनेक्ट (आसपासचे ब्लूटूथ सिग्नल दाखवणारं ॲप) उघडलं आणि यादीत बँडचं नाव आलं, −९० च्या घरात.

आता युक्ती. मोबाईल छातीला टेकवून धरायचा आणि जागच्या जागी सावकाश एक गिरकी घ्यायची. ज्या बाजूला पाठ असताना आकडा सगळ्यात खाली पडतो, वस्तू त्या पाठीच्या बाजूला. आपलंच अंग आडोसा होतं. थोडं चालायचं, परत गिरकी. प्रत्येक ठिकाणी दहा-पंधरा सेकंद थांबायचं, एका आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही. गंजीच्या उजव्या कोपऱ्याशी −५५ च्या वर गेला तेव्हा हातानं कापूस उपसायला घेतला. कोपरभर खाली निघाला.

कापूस कोरडा होता म्हणून बरं. ओला असता तर सिग्नल एवढा वर आला नसता.

---

गोदातीर

कपाशीभाऊ, ही गिरकीची युक्ती लई कामाची आहे. घरात रिमोटला पण ब्लूटूथ असायला पाहिजे होतं.

---

तेरणेकाठी (धाराशिव)

मूळ प्रश्नाकडं येतो. अंतर नंतर बघू, आधी हे बघा की पोरांचे मोबाईल तुमच्या बोर्डाला दिसतात का?

ब्लूटूथ चालू असलं तरी अँड्रॉइड मोबाईल सहसा आपणहून ॲडव्हर्टाइज करत बसत नाही. सेटिंगमधलं ब्लूटूथचं पान उघडं असेल तेवढ्यापुरता तो इतरांना दिसतो. एखादं ॲप मुद्दाम सिग्नल सोडत असेल तर गोष्ट वेगळी, जसा तुम्ही तुमच्या मोबाईलवर सोडला. आयफोन स्वतःहून काही ना काही सोडत असतो, पण त्याचा पत्ता (सिग्नलसोबत जाणारा ओळखक्रमांक) बदलत राहतो, साधारण पाव तासानं नवा. ज्या उपकरणाशी आधी पेअर झालंय त्याच्याकडंच तो पत्ता उलगडायची किल्ली असते. तुम्हाला पेअर करायचं नाही, म्हणजे तुमच्यासाठी दर पाव तासाला तो एक नवाच मोबाईल.

तुमच्या यादीत जे पत्ते दिसतात त्यातले बरेचसे कानातले इअरबड, घड्याळं, खालच्या दुकानातला टीव्ही वगैरे असणार.

आणि नीटच्या बऱ्याच पोरांना घरच्यांनी साधा बटणांचा फोन दिलेला असतो. माझ्या भाच्याला बहिणीनं तोच दिलाय, इन्स्टा नको म्हणून. त्यात ब्लूटूथ असलंच तर जुन्या पद्धतीचं. लो एनर्जी २०१० साली ४.० आवृत्तीत आलं, ते त्यात नसतं. तो फोन तुमच्या दारातून दिवसभर आत-बाहेर केला तरी बोर्डाला पत्ता लागणार नाही.

---

मांजराकाठ (लातूर)

तेरणेकाठी दादा, आता उलगडा झाला! सकाळी यादी लहान असते आणि संध्याकाळपर्यंत शेकडो पत्ते होतात. एवढी पोरं माझ्याकडं नाहीतच. मला वाटलं खालून रस्त्यावरची माणसं पकडतोय.

बटणाचे फोन तर माझ्याकडं अर्ध्याअधिक पोरांकडं आहेत.

---

अनुराधा_नांदेड

मी तांत्रिक नाही, आई आहे. माझी मुलगी लातुरातच राहून शिकते, कदाचित अशाच एखाद्या अभ्यासिकेत बसत असेल. म्हणून लिहिल्याशिवाय राहवत नाही.

तेरणेकाठींनी सांगितलं की मोबाईलचा पत्ता दर पाव तासाला बदलतो. तो कुणी सहज गंमत म्हणून बदलत नाही ना? रस्त्यानं जाणाऱ्या बाईच्या मोबाईलवरून ती कुठं जाते, कधी येते हे कुणाला टिपता येऊ नये म्हणून ती सोय केली आहे. ती सोय चुकवून माग कसा काढायचा, याची चर्चा आपण किती सहज करतो आहोत!

सर, तुमचा हेतू चांगला आहे हे तुमच्या लिहिण्यातून दिसतं. पण माझी मुलगी कधी आत आली, कधी बाहेर गेली, रोज किती वाजता खोलीवर परत निघते, ही नोंद एका बोर्डात साठत राहणार. तो बोर्ड कुणाच्या हाती लागला तर? २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागतो आणि मुलांचा माग काढण्यावर बंधन घालतो. नीटची बरीच मुलं अठराच्या आतलीच असतात. मला विचारा, मी कदाचित हो म्हणेन. पण न विचारता नको.

---

बालाघाट (अंबाजोगाई)

ताई, रजिस्टरात सही करतात ती पण नोंदच आहे की. त्यात काय वेगळं?

---

अनुराधा_नांदेड

बालाघाट, सही ती स्वतः करते. तिला माहीत असतं की आपण नोंद केली. इथं तिच्या दप्तरातून कुणीतरी परस्पर नोंद घेतंय.

---

दुधनाकाठ (जालना)

ताईंना पूर्ण अनुमोदन. माझ्या वर्गात हा प्रोजेक्ट करणाऱ्या पोरांना मी पहिलीच अट घालतो की उपकरण स्वतःचं किंवा विचारून घेतलेलं.

---

मांजराकाठ (लातूर)

ताई, तुम्ही बोललात ते बरं झालं. दारावरून जाणाऱ्या कुणाचाही मोबाईल टिपायचा नाही, हे आजपासून नक्की. जे काही करीन ते पालकांची लेखी संमती घेऊन. प्रवेशाच्या फॉर्मवरच साध्या मराठीत लिहीन, काय नोंदवतो, कशासाठी, किती दिवस ठेवतो. रात्री मला जो फोन येतो तोही आईचाच असतो. तिला उत्तर हवंय आणि तिचा विश्वासही टिकला पाहिजे.

आता दुधनाकाठ सर, तेरणेकाठी दादा, संमती आहे असं धरून सांगा. मार्ग आहे का?

---

नाथसागर (पैठण)

मार्ग सांगणारे सांगतीलच. त्याआधी एक आठवण, कारण 'ब्लूटूथवरून दोन माणसांतलं अंतर' हा प्रयोग आपण सगळ्यांनी मिळून केलेला आहे. आठवा, २ एप्रिल २०२० ला आरोग्य सेतू आलं. त्यात ब्लूटूथ आणि जीपीएस दोन्ही होतं. दोन मोबाईल पेअर न होता एकमेकांची चाहूल घेणार आणि पुढं कुणी आजारी निघाला तर दुसऱ्याला कळणार, ही कल्पना. त्याच एप्रिलमधे ॲपल आणि गूगलनंही आपली संयुक्त योजना जाहीर केली. त्या योजनेत मीटर मोजायचा हट्ट नव्हता. पाठवलेली शक्ती वजा पोचलेली शक्ती एवढं काढायचं आणि त्याचे जवळ, मध्यम, लांब असे गट पाडायचे. मोबाईलची मॉडेलं वेगवेगळ्या जोरानं सिग्नल सोडतात, म्हणून प्रत्येक मॉडेलसाठी दुरुस्तीचा आकडा ठेवावा लागला.

त्या वर्षी डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांनी ट्राममधे बसून तपासलं, तर अंतर आणि सिग्नल यांचा मेळच बसेना. डब्यात चारी बाजूंनी पत्रा, लहर आपटत राहते. हे वाचलं तेव्हा मला आपली एसटी डोळ्यांपुढं आली. पैठण ते संभाजीनगर उभ्यानं येताना खांद्याला खांदा लावून माणूस असतो आणि त्याच्या मोबाईलचा सिग्नल दोन अंगांमधे अडकून लांबचा वाटणार. चार सीट पुढच्याचा पत्र्यावरून आपटून जवळचा वाटणार.

---

बीडचा_पुण्यात

मी याच क्षेत्रात नोकरी करतो, म्हणून नवीन काय आलंय ते थोडक्यात.

सिग्नलच्या जोरावरून अंतर काढायचं सोडून लहरीला लागलेल्या वेळावरून काढणं हा खरा उपाय. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटीमीटर जातो, त्यामुळं घड्याळ तेवढं बारीक लागतं. अल्ट्रावाइडबँड हे वेगळं रेडिओ तंत्र हेच करतं. आयफोन ११ मधे ते २०१९ ला आलं, एअरटॅगमधे (वस्तू शोधायचा ॲपलचा टॅग) २०२१ ला. अचूकता दहा-वीस सेंटीमीटरपर्यंत जाते. ब्लूटूथच्या ५.१ आवृत्तीत २०१९ ला दिशा ओळखण्याची सोय आली, आणि सप्टेंबर २०२४ च्या ६.० मधे 'चॅनल साउंडिंग', ज्यात अनेक फ्रिक्वेन्सींवरच्या लहरीची कला (फेज, म्हणजे लहर चढ-उताराच्या कुठल्या टप्प्यावर आहे ते) मोजून अंतर निघतं.

पण अल्ट्रावाइडबँड आणि चॅनल साउंडिंग या दोन्ही अंतरमापनांत समोरच्या उपकरणाचा सहभाग लागतो. त्यानं आपणहून उत्तर दिलं पाहिजे. अनुराधाताईंचा मुद्दा इथं तंत्रातच बसवलेला आहे. आणि सर, तुमच्या पोरांच्या मोबाईलमधे यातलं काही असण्याची शक्यता आज तरी कमी.

---

हुरडा_पार्टी

बीडचा पुण्यात जाऊन एवढं शिकला, आता लातुरात येऊन बसवून द्या म्हणावं.

---

तेरणेकाठी (धाराशिव)

मांजराकाठ सर, मोबाईल विसरा. पोरांच्या ओळखपत्रात टॅग द्या.

ब्लूटूथचे छोटे बीकन (ठरावीक वेळानं सिग्नल सोडत राहणारे टॅग) मिळतात, बटणाच्या सेलवर, सीआर२०३२, चालणारे. ॲपलनं २०१३ ला आयबीकन काढलं, त्या पद्धतीत टॅग स्वतःच सांगतो की 'एक मीटरवर माझा सिग्नल इतका असतो'. पत्ता बदलत नाही. सगळे टॅग एकाच मॉडेलचे घेतले की मोबाईलच्या जातीजातीचा गोंधळ संपला. बटणाचा फोन असो की महागडा, फरक नाही. पेअरिंग नाही, ॲप नाही, आणि पोराला माहीत असतं की गळ्यात हजेरी आहे. ताईंचा तो मुद्दाही बराचसा सुटतो.

टॅग किती वेळानं ॲडव्हर्टाइज करतो ते ठरवता येतं, २० मिलिसेकंदांपासून १०.२४ सेकंदांपर्यंत. सेकंदाला एकदा ठेवलं तर सेल महिनोन्‌महिने जातो. पण पोरगं धावत दारातून गेलं तर दोनच आकडे हाती येतील. सेकंदाला दोन-तीनदा ठेवा, मधला मार्ग.

---

दुधनाकाठ (जालना)

तेरणेकाठींच्या टॅगला माझी जोड. बोर्ड एक नको, दोन लावा. एक बाहेर जिन्याच्या तोंडाशी, एक हॉलच्या आत पाच-सहा मीटरवर. दोघांना एकच टॅग ऐकू येतो. आतल्याचा आकडा वजा बाहेरच्याचा आकडा, फक्त ही वजाबाकी बघा. टॅगचा सेल उतरला आणि सिग्नल मंदावला तर दोन्हीकडं सारखाच मंदावणार, वजाबाकीत तो उडून जातो. किती मीटर, हा प्रश्नच उरत नाही. कुणाच्या जवळ, एवढं कळतं, आणि तुम्हाला तेवढंच हवंय.

बसवताना काळजी घ्या:

बोर्ड डोक्याच्या वर, सात-आठ फुटांवर. खाली लावला तर दारात उभी पोरंच आडोसा होतात. लोखंडी शटरला किंवा कपाटाला टेकवून लावायचा नाही, लाकडी पट्टीवर हातभर अंतर सोडून. पाण्याचा वीस लिटरचा जार बोर्डासमोर नको, ही चूक हमखास होते कारण प्लग पॉइंट तिथंच असतो.

आकड्यांचं म्हणाल तर सरासरीपेक्षा मध्यक घ्या, शेवटच्या सात-नऊ आकड्यांतला मधला. एखादा आकडा एकदम खड्ड्यात गेला तर सरासरी त्याच्यामागं जाते, मध्यक जात नाही. आणि आत येण्याची रेषा वेगळी, बाहेर जाण्याची वेगळी ठेवा. वजाबाकी +८ झाली की आत, −८ झाली की बाहेर, मधे असेल तर आधीचं तसंच राहू द्यायचं. नाहीतर उंबऱ्यात गप्पा मारणारं पोरगं मिनिटाला दहा वेळा आत-बाहेर होईल.

---

कपाशी

हे शेवटचं फार महत्त्वाचं. आमच्या गेटवर एकच रेषा होती, दिवा लुकलुकायचा.

---

सखी_हिंगोली

एक शंका. मी अँड्रॉइडवर स्वतः ॲप लिहून बघतेय. थोडा वेळ आकडे येतात, मग एकदम शांत. मोबाईल बिघडलाय का?

---

तेरणेकाठी (धाराशिव)

सखीताई, तुम्ही स्कॅन पुन्हा पुन्हा चालू-बंद करत असाल. अँड्रॉइड ७ पासून ३० सेकंदांत पाचपेक्षा जास्त वेळा स्कॅन सुरू केलं की ते गप्प बसतं, चूकही दाखवत नाही. एकदा चालू करा आणि चालूच ठेवा. अँड्रॉइड १२ पासून स्कॅनची परवानगीही वेगळी मागावी लागते.

---

सखी_हिंगोली

चाललं!! खूप आभार.

---

मांजराकाठ (लातूर)

मंडळी, थोडा उशीर झाला, कारण सांगितलंत तसं करूनच लिहायचं ठरवलं होतं.

काही टॅग मागवले. आधी पालकांना फोन केले, ज्यांनी होकार दिला त्यांच्याच पोरांना दिले. दोन बोर्ड लावले. बाहेरचा आधी शटरच्या चौकटीला लावला होता, तिथं आकडे फार वेडेवाकडे येत होते. पट्टीवर घेतल्यावर निवळले. पोरगं जिन्यात असताना वजाबाकी −१२ ते −१८, हॉलमधे जागेवर बसलं की +१० च्या वर. उंबऱ्यात उभं असेल तेव्हा शून्याच्या आसपास हेलकावे, पण ती मधली पट्टी सोडल्यामुळं नोंद बिघडत नाही. बाहेरच्या भिंतीलगतच्या कोपऱ्यातल्या दोन जागांवर मात्र +५, +६ एवढंच येतं. भिंतीपलीकडं बाहेरचा बोर्ड आहे. तो बोर्ड जिन्याच्या दोन पायऱ्या खाली सरकवून बघतो.

काल रात्री मुखेडहून फोन आला. मी नोंद बघितली आणि हॉलमधे जाऊन पोराकडंही बघितलं. दोन्ही जुळलं, म्हणालो, "आहे, बायोलॉजी वाचतोय."

---

अनुराधा_नांदेड

सर, विचारून केलंत याचं फार समाधान वाटलं. नोंद किती दिवस ठेवता ते मात्र सांगितलं नाहीत.

---

मांजराकाठ (लातूर)

ताई, एक महिना. मग आपोआप पुसली जाते. बोर्डाला इंटरनेट दिलेलं नाही, नोंद हॉलमधल्या संगणकावरच राहते. फॉर्मवर तसं लिहिलंय.

---

हुरडा_पार्टी

ते सगळं खरं, पण माझा पहिला प्रश्न तिथंच हाय. एका पोराच्या गळ्यात पाच ओळखपत्रं?

---

दुधनाकाठ (जालना)

हुरडा, प्रश्न अगदी बरोबर आहे आणि त्याला ब्लूटूथकडं उत्तर नाही. टॅग आत आहे एवढंच ते सांगतं, माणूस आत आहे हे नाही. पण पाच टॅग एका गळ्यात असतील तर एक खूण राहते. पाचही नोंदी एकाच क्षणी आत येतात, एकत्र उठतात, पाण्याला एकत्र जातात, एकत्र बाहेर पडतात. खरी पोरं कितीही जिगरी दोस्त असली तरी दिवसभर अशी चालत नाहीत. मांजराकाठ सर, ज्या टॅगांच्या वेळा सेकंदासकट जुळतात त्यांची यादी काढा आणि दुपारी एक चक्कर त्या कप्प्यांकडं मारा.

---

मांजराकाठ (लातूर)

यादी काढली सर. दोन जोड्या निघाल्या. एक जोडी खरीच आहे, जुळे भाऊ, चाकूरचे, खरंच एकत्र उठतात-बसतात. दुसरीकडं उद्या दुपारी जातो.

---

गोदातीर

सर, गंगाखेडसाठी विचारतो. हे टॅग पावसात भिजले तर चालतात का? आमची पोरं सायकलवर येतात.

---

तेरणेकाठी (धाराशिव)

बंद खोक्याचे, पाणी न शिरणारे घ्या, थोडे महाग पडतात. आणि ओल्या रेनकोटच्या आत टॅग असेल तर त्या दिवशी सिग्नल कमीच येणार. रेनकोट जिन्यात काढायला लावा, मगच आत सोडा.